आधी बहुमत, मग नोटीस

एका लेखात म्हटलंय, नेत्यांनी धाडस दाखवलं नाही म्हणून ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं, रखडलं. माझं मत उलट आहे, घाई नडली. जून २०१६ चा कौल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के, बाहेर पडून नेमकं कुठं जायचं, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. तरी तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ ला कलम ५० ची, म्हणजे संघ सोडण्याची, नोटीस दिली. तिथून दोन वर्षांची मुदत सुरू होते आणि ती वाढवायला उरलेल्या सगळ्या २७ देशांची संमती लागते. म्हणजे किल्ल्या समोरच्याच्या हातात! सीमाशुल्क संघात (आपसात जकात नसलेल्या देशांच्या गटात) राहायचं की नाही, यावर आधी संसदेत बहुमत जमवायला हवं होतं. त्यांनी नोटिशीनंतर निवडणूक घेतली, होतं तेही बहुमत गेलं, आणि २०१९ मध्ये युरोपीय संघाशी ठरलेला करार संसदेत तीनदा पडला.

सगळ्यात अवघड गाठ आयर्लंडच्या सीमेची: उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, उरलेला आयर्लंड युरोपीय संघात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर कोगनोळीला नाका बसला की निपाणी-कागल ये-जा कशी अडते, हे बेळगावकरांना सांगायला नको. आयर्लंडमध्ये जमिनीवर नाका नको म्हणून तपासणी ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमधल्या समुद्रात, बंदरांवर ढकलली; मग उत्तर आयर्लंडमधले युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू पाहणारे, बिथरले. ब्रिटनमधून येऊन तिथंच राहणाऱ्या मालाला कमी तपासणीची हिरवी वाट, पुढं युरोपात जाऊ शकणाऱ्याला लाल, ही सोय २०२३ च्या विंडसर करारात झाली. (आपला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा तर २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.)