लग्न मोडायचं होतं तर मोडायचं, पुसायचं कशाला?

पीटर पार्कर म्हणजे स्पायडरमॅन आणि मेरी जेन यांचं लग्न पुसून टाकणाऱ्या 'वन मोअर डे' या २००७च्या कॉमिक्स-कथेबद्दल कुणी हळहळलं की एक उत्तर ठरलेलं असतं: "कॉमिक्समध्ये मेलेली माणसं परत येतात, तिथे एका लग्नाचं काय घेऊन बसलात?" लग्न मोडलं याचं मला वाईट वाटत नाही. ते ज्या पद्धतीने मोडलं ती पद्धत मला आजही खटकते, आणि का खटकते हे कळायला जुने अंक उघडावे लागतात.

मेरी जेनचं नाव पहिल्यांदा येतं १९६४ मध्ये, 'अमेझिंग स्पायडरमॅन' मासिकाच्या १५व्या अंकात. मे काकू पीटरच्या मागे लागते: शेजारच्या ॲना वॉटसनची भाची आहे, भेट तरी एकदा! २५व्या अंकात ती प्रत्यक्ष येते, पण चेहरा आपल्याला दिसत नाही. तो दिसतो ४२व्या अंकाच्या अखेरीस, नोव्हेंबर १९६६ मध्ये. दार उघडतं आणि ती समोर उभी. नाव ऐकल्यापासून चेहरा दिसेपर्यंत २७ अंक, दोन वर्षांहून जास्त काळ. मधल्या काळात ३१व्या अंकात पीटरची पुढची प्रेयसी ग्वेन स्टेसी कॉलेजात दाखल झालेली असते. चित्रकार स्टीव्ह डिटको ३८व्या अंकानंतर गेले आणि जॉन रोमिता आले. रोमितांनी त्याआधी डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीत कित्येक वर्षं प्रेमकथांची मासिकं चितारली होती. दोन मुली एका खोलीत उभ्या असताना कोण कुणाकडे बघतंय आणि कोण मुद्दाम बघत नाहीये, हे त्यांना एका चौकटीत दाखवता यायचं. पीटर, ग्वेन आणि मेरी जेन हा त्रिकोण चालला त्यात या हाताचा वाटा फार मोठा आहे.

मग जून १९७३, अंक १२१. लेखक जेरी कॉनवे, पेन्सिल गिल केन यांची. स्पायडरमॅनचा शत्रू ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून खाली टाकतो, स्पायडरमॅन जाळं फेकून तिचे पाय पकडतो, आणि तिच्या मानेशेजारी एक बारीक आवाज छापलेला आहे: 'स्नॅप'. खाली पडणारं माणूस एका क्षणात थांबवलं की पडण्याचा सगळा वेग शरीरावर झटक्याने येतो. पाय थांबतात, डोकं थांबत नाही. वाचवायचं तर तिच्याबरोबर खाली जात हळूहळू वेग कमी करायला हवा होता. गॉब्लिन मात्र म्हणतो की एवढ्या उंचीवरून पडतानाच ती मेली असणार. वाचकाला दोन्ही कारणं दिली आहेत, आणि पीटरला त्यातलं कुठलंही धरून सुटता येत नाही. (मजकूर जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हणतो, चित्र मात्र ब्रुकलिन पुलासारखं आहे. इतक्या वर्षांनीही हे डोळ्यांना टोचतं.)

त्याहून मोठं काम १२२व्या अंकाचं शेवटचं पान करतं. पीटर मेरी जेनला अतिशय लागेल असं बोलतो, निघून जा म्हणतो. ती दारापर्यंत जाते. थांबते. दार आतून लावते. बाई बदलली ती तिथे, आणि तेही एकाही संवादाविना. पुढे १८२व्या अंकात पीटर मागणी घालतो, १८३मध्ये ती नाही म्हणते. का, ते १९८४च्या २५९व्या अंकात कळतं: लेखक व्हायचं राहून गेलेला, घरावर राग काढणारा बाप आणि नवऱ्याने टाकलेली बहीण. त्याआधी दोनच अंक तिने सांगितलेलं असतं की स्पायडरमॅन कोण हे तिला माहीत आहे. शेजारी पीटरची दुसरी प्रेयसी ब्लॅक कॅट, म्हणजे फेलिशिया, ठेवून बघा: तिला मुखवटा हवा होता, त्याखालचा पीटर बघून तिचा विरसच झाला. मेरी जेन पीटरला ओळखून थांबली.

१९८७चं लग्नही निर्मळ कथेतून आलं नाही, हे कबूल करायला हवं. वर्तमानपत्रात येणाऱ्या स्पायडरमॅनच्या चित्रपट्टीत लग्न होणार म्हणून मासिकातही उरकलं. २९०मध्ये मागणी, २९२मध्ये होकार, वार्षिकांक २१मध्ये लग्न. नाव ते चेहरा २७ अंक, आणि मागणी ते होकार दोन! त्या घाईचा जाच पुढे झालाच. बायको घरी वाट बघते, यापलीकडे काही लेखकांना तिच्यासाठी काही सुचलं नाही. पण निर्णय दोघांनी घेतला होता आणि दोघांना तो आठवत होता. त्यावर २० वर्षं कथा उभी राहिली.

२००७मध्ये मे काकूला गोळी लागते. तिचा जीव वाचवायच्या बदल्यात मेफिस्टो हा सैतान त्यांचं लग्न मागतो, नुसतं मोडायला नाही तर झालंच नाही असं करायला. संपादक जो केसाडा यांचं म्हणणं होतं की घटस्फोटित किंवा विधुर पीटर म्हातारा वाटेल. लेखक स्ट्रॅझिन्स्की यांनाच हा शेवट पटला नव्हता. माझा आक्षेप साधा आहे. घटस्फोट झाला असता तर दोघांनी एकमेकांना काय दुखवलं हे पुढच्या प्रत्येक भेटीत दिसलं असतं. लेखकाला साहित्य मिळालं असतं. इथे सौदा झाला आणि सौद्याची आठवणही गेली. जे घडलं ते फक्त वाचकाला माहीत, म्हणून पुढे दोघं एका चौकटीत आली की वाचक एक दृश्य बघतो आणि लेखक दुसरंच लिहीत असतो. २०१०मध्ये चार अंक खर्चून 'लग्न नेमकं का राहिलं' हे समजावावं लागलं, ते यामुळेच.

वर्तमानपत्राच्या पट्टीनेही २००९मध्ये पीटरला पुन्हा अविवाहित केलं आणि काही महिन्यांतच ते स्वप्न होतं म्हणून लग्न परत आणलं. आणि २०२४च्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन' या वेगळ्या मालिकेत जोनाथन हिकमन यांचा पीटर पहिल्या अंकापासून दोन मुलांचा बाप आहे, अंगात शक्ती नंतर येते. जेवणाच्या टेबलावरची पानं तिथे मारामारीच्या पानांइतकीच वाचनीय झाली आहेत.

ज्यांनी काहीच वाचलेलं नाही त्यांनी ४२, १२१, १२२, २५७ आणि २५९ या क्रमाने वाचावं, मग थेट ५४५, म्हणजे 'वन मोअर डे'चा शेवट. त्यात पीटर मे काकूच्या घरी एकटा जागा होतो, मेलेला मित्र हॅरी जिवंत असतो, आणि १२२मध्ये जिने आतून दार लावलं होतं ती त्याची कुणीच नसते.