कप जिंकल्याने ती मुलगी बरी झाली नव्हती

गेल्या गुरुवारी रात्री साडेअकराला अमरावतीहून मामेबहिणीचा फोन आला. एवढ्या रात्री तिचं नाव स्क्रीनवर दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. पुढच्या महिन्यात त्याचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट (हाडांतला रक्त बनवणारा मगज बदलणं) ठरलंय, आणि मॅरो देणार आहे त्याची सात वर्षांची धाकटी बहीण. दोन्ही लेकरं एकाच वेळी दवाखान्यात. त्या आईला झोप कशी लागत असेल ते मी सांगायला नको.

फोनवर ती म्हणाली, "दादा, तू तेव्हा तिथंच होतास ना? ती हॉकीवाली गोष्ट खरी आहे का? खरी असेल तर आपण उगाच घाई तर करत नाही ना? थोडं थांबून बघायचं का?"

ती गोष्ट म्हणजे आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलेला मेसेज. नंतर तो मला आणखी तीन ठिकाणांहून आला, म्हणजे बराच फिरलाय. थोडक्यात असा: अमेरिकेतली सेंट लुइस ब्लूज नावाची आइस हॉकीची टीम ३ जानेवारी २०१९ ला ३१ संघांत शेवटच्या नंबरावर होती. टीममध्ये काहीही बदललं नाही, फक्त विचार बदलले. कधी मोठा सामना न पाहिलेल्या एका पोराला गोलकीपर केलं. रोज एकच गाणं लावलं. आणि डॉक्टरांनी हात टेकलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलीला खेळाडूंनी शब्द दिला, 'आम्ही कप जिंकू, तू बरी होशील.' जूनमध्ये टीम जिंकली, मुलगी बरी झाली. शेवटची ओळ ठळक अक्षरांत: औषधं हरली, विश्वास जिंकला.

मी त्या वर्षी सेंट लुइसमध्ये नोकरीला होतो. तो हंगाम मी नोव्हेंबरपासून जूनपर्यंत बघितलाय. १२ जूनला अंतिम फेरीचा सातवा सामना बॉस्टनला होता, तरी ब्लूजच्या घरच्या स्टेडियममध्ये मोठ्या पडद्यांवर तो बघायला हजारो लोक जमले होते, त्यात मीही होतो. शेजारी बसलेले सत्तरीचे एक गृहस्थ शेवटची दोन मिनिटं रुमालात तोंड लपवून रडत होते. १९६७ पासून ते या संघाच्या मागे होते. त्यामुळे या हंगामाबद्दल मला खूप माया आहे, आणि म्हणूनच त्याचा असा वापर झालेला मला सहन होत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण नुकसान तोच करतोय.

ती मुलगी खरी आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिला एचएलएच नावाचा दुर्मीळ आजार होता. यात रोगांशी लढणाऱ्या आपल्याच पेशी बेफाम होतात आणि शरीराच्याच अवयवांवर उलटतात. मेसेज म्हणतो डॉक्टरांनी हात टेकले होते. साफ खोटं. डॉक्टरांनी केमोथेरपी दिली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. तारखा नीट बघा. ट्रान्सप्लांट जानेवारीत, कप १२ जूनला. ब्लूज तळातून नुकतेच वर सरकू लागले होते, कपाचं नावही कुणी काढत नव्हतं, तेव्हाच तिच्या शरीरात नवा मॅरो गेला होता. जूनमधल्या विजयाने जानेवारीतला आजार कसा बरा होईल?

मॅरो देणारा तिच्या नात्यातला नव्हता, ओळखीचाही नव्हता. दात्यांच्या यादीत नाव घातलेला एक तरुण मुलगा. त्याच्या आणि तिच्या पेशी जुळल्या, त्याने होकार दिला आणि ती वाचली. मेसेजमध्ये या मुलाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, ट्रान्सप्लांटनंतर संसर्ग होऊ नये म्हणून घर आणि दवाखाना यांतच काढलेले तिचे महिने नाहीत. सातव्या सामन्याला ती बॉस्टनला गेली, तीही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. ज्या डॉक्टरांना हा मेसेज हरवतो, त्यांच्याच परवानगीने ती तिथे उभी होती आणि कप हातात घेऊ शकली.

काका म्हणाले, "अरे, त्यातली भावना बघ ना." भावना मी मानतो. कोल्टन परायको या खेळाडूशी त्या मुलीची मैत्री खरी होती, दिखाव्याची नव्हती. संघाने ऑक्टोबरमध्ये तिला खेळाडूंसारखीच विजेतेपदाची अंगठी दिली, हेही खरं. संघाच्या प्रत्येक विजयाने त्या पोरीला दिवस ढकलायला बळ मिळालं असेल, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण बळ मिळणं वेगळं आणि मॅरो मिळणं वेगळं. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली असं सांगणं ही भावना नाही, ती चुकीची माहिती आहे. आणि ती एका आईपर्यंत पोचली आहे.

थांबून बघण्याची किंमत काय असते, तेही सांगतो. थॅलेसेमियात शरीराला धड हिमोग्लोबिन बनवता येत नाही, म्हणून बाहेरून रक्त द्यावं लागतं. प्रत्येक पिशवीबरोबर लोह येतं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठतं, हृदयात साठतं. लोह उतरवायची औषधं असतात, माझा भाचा ती रोज घेतो, तरी साठा पूर्ण थांबत नाही. यकृत चांगलं असताना, लहान वयात ट्रान्सप्लांट केलं तर यशाची शक्यता जास्त. म्हणून डॉक्टर तारीख लवकरची देतात. सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आमच्याकडे तो जुळलाय. अशा घरात 'थोडं थांबून बघायचं का' हा प्रश्न एका फॉरवर्डमुळे यावा, याचा मला किती राग आलाय ते या लिहिण्यात दिसत असेल तर दिसू दे.

आता बाकीचे मुद्दे. यासाठी मी फक्त एक आधार घेतलाय, ब्लूज ज्या लीगमध्ये खेळतात त्या एनएचएलच्या स्वतःच्या नोंदी. प्रत्येक सामना, प्रत्येक तारीख, प्रत्येक गुण तिथे आहे आणि कुणालाही बघता येतो.

'३ जानेवारीला शेवटच्या नंबरावर.' हे खरं आहे. त्या सकाळी ब्लूजचे ३७ सामन्यांत ३४ गुण होते: १५ विजय, १८ पराभव आणि ४ जादा वेळेतले पराभव, ज्यांचा एकेक गुण मिळतो. खाली कुणीही नव्हतं. पण तो हंगाम ८२ सामन्यांचा होता. म्हणजे ४५ सामने, निम्म्याहून जास्त हंगाम, अजून बाकी होता. मेसेज वाचून वाटतं की सगळं संपल्यावर चमत्कार झाला. तसं काही नव्हतं. पुढच्या ४५ सामन्यांत त्यांनी ३० जिंकले आणि ९९ गुणांवर हंगाम संपवला. ही कमाल आहेच, मी ती कमी करत नाही.

'काहीही बदललं नाही, फक्त विचार बदलले.' इथे मात्र लिहिणाऱ्याने नोंदी उघडूनसुद्धा बघितलेल्या नाहीत. १९ नोव्हेंबर २०१८ ला ब्लूजनी प्रशिक्षक माइक यो यांना काढलं आणि क्रेग बेरूबी यांच्याकडे हंगामी जबाबदारी दिली. संघाचा प्रमुखच बदलला, तर 'काहीही बदललं नाही' कसं म्हणता येईल? त्याआधी, उन्हाळ्यात, त्यांनी बफेलोकडून रायन ओ'रायलीला आणलं. त्याच्या बदल्यात तीन खेळाडू दिले आणि पुढच्या वर्षांतल्या ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, दोन हक्कही दिले. डेव्हिड पेरॉन, टायलर बोझॅक आणि सेंट लुइसचाच पॅट मरून हेही त्याच उन्हाळ्यात आले. आणि शेवटी काय झालं? प्लेऑफचा, म्हणजे ८२ सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला ओ'रायली. दुसऱ्या फेरीत डॅलसविरुद्धचा सातवा सामना दुसऱ्या जादा वेळेत गेला, तेव्हा विजयी गोल मरूनने मारला. हा भरपूर किंमत मोजून, विचार करून बांधलेला संघ होता. नव्या माणसांची घडी बसायला वेळ लागला आणि गोलमध्ये खिंडार होतं, म्हणून तो जानेवारीत तळाला दिसला.

त्या खिंडाराबद्दलच गोलकीपरचा मुद्दा आहे, आणि तो अर्धा खरा आहे. जॉर्डन बिनिंग्टनने ७ जानेवारीला फिलाडेल्फियाविरुद्ध या लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून गोल सांभाळला आणि एकही गोल होऊ दिला नाही. सामना ३-० जिंकला. हंगामाच्या सुरुवातीला संघाच्या गोलकीपरांच्या यादीत तो बराच खाली होता, हेही खरं. पण 'कधी मोठा सामना न पाहिलेला पोर' हे त्याच्या कष्टांवर अन्याय करणारं आहे. ब्लूजनी त्याला २०११ मध्येच निवडलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं तो खालच्या लीगमध्ये, बसने गावोगाव फिरून खेळला. आपल्याकडे रणजीत वर्षानुवर्षं घाम गाळणारे खेळाडू असतात ना, तसा. २०१६ मध्ये एकदा बदली म्हणून वरच्या लीगमध्ये उतरलाही होता. आधीच्या हंगामात तर त्याला दुसऱ्या संघाच्या खालच्या टीमकडे उसना दिलेला होता. जानेवारीत संधी आली तेव्हा तो पंचविशीचा, पुरता तयार झालेला गोलकीपर होता. त्या हंगामात त्याच्या नावावर २४ विजय, फक्त ५ पराभव आणि १ जादा वेळेतला पराभव. प्लेऑफमध्ये १६ विजय, पदार्पणाच्या हंगामातल्या गोलकीपरसाठी विक्रम. सातव्या सामन्यात पहिल्या वीस मिनिटांत बॉस्टनने ब्लूजच्या गोलवर मारा चालवला होता. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो, आणि तो एकामागून एक फटके अडवत होता. विचार सगळ्यांचे सारखेच राहिले असते आणि हा माणूस तिथे नसता, तर त्या वीस मिनिटांतच कप हातचा गेला असता.

गाण्याचं थोडक्यात सांगतो. ६ जानेवारीला फिलाडेल्फियातल्या एका बारमध्ये काही खेळाडूंनी १९८२ सालचं एक गाणं ऐकलं, तिथल्या लोकांची धमाल बघितली आणि पुढे विजयानंतर तेच लावायचं ठरवलं. सेंट लुइसभर ते वाजत होतं, मलाही ते पाठ झालं होतं. पण ब्लूजची सलग ११ विजयांची मालिका सुरू झाली २३ जानेवारीला. म्हणजे त्याच्या आधीचा सामना ते हरले होते, गाणं येऊन दोन आठवडे झाले असतानाही. गाणं विजयानंतर वाजायचं, विजय गाण्यामुळे यायचा नाही.

मनाच्या खंबीरपणाचा मुद्दा मी नाकारणार नाही. सॅन होजेविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात समोरच्या संघाने हाताने पास दिला, पंचांना तो दिसला नाही आणि त्याच खेळीत जादा वेळेत विजयी गोल झाला. दुसरा संघ असता तर खचला असता. ब्लूजनी पुढचे तिन्ही सामने जिंकले. खचले नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण त्याच हंगामात ओटावाचा संघ ६४ गुणांवर अगदी तळाला राहिला. त्यांनी मनापासून प्रयत्न केले नाहीत असं कोण म्हणेल? मन खंबीर असताना हरणारे खूप असतात. 'विश्वास ठेवला तर होतंच' या वाक्याची दुसरी बाजू अशी की ज्यांचं झालं नाही त्यांचा विश्वास कमी पडला. आजारी मुलाच्या आईला हे ऐकवायचं? तिचा मुलगा दर तीन आठवड्यांनी सुई टोचून घेतो, ते तिचा विश्वास कमी पडतोय म्हणून?

काकांना मी काल फोन केला. म्हटलं, "काका, तुम्ही हे चांगल्या मनाने टाकलंत हे मला माहीत आहे. पण माझ्या मामेबहिणीने ते वाचून ट्रान्सप्लांट पुढे ढकलायचं का असं विचारलंय." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला कल्पना नव्हती रे. काढून टाकतो." रात्री त्यांनी तो काढला, आणि ग्रुपवर चूक झाली असंही लिहिलं. त्यांच्या वयात हे करायला मोठं मन लागतं. ज्यांच्याकडे तो अजून आहे त्यांनी पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना खरी तारीखवारी कळवावी. काही पुढे पाठवायचंच असेल तर त्या अनोळखी दात्याची गोष्ट पाठवा. आपल्या देशातही दात्यांच्या नोंदण्या करणाऱ्या संस्था आहेत, दात्री त्यातली एक. गालाच्या आतून कापसाच्या काडीवर नमुना घेतात, एवढ्यावर नाव यादीत जातं. पुढे कुणाशी जुळलं तर बहुतेक वेळा प्लेटलेट्स देताना घेतात तसंच रक्तातून मूळ पेशी घेतात.

बहिणीला मी रात्रीच सगळ्या तारखा सांगितल्या. जानेवारी आधी, जून नंतर. तिने वहीत लिहून घेतल्या. मग विचारलं, "म्हणजे त्या पोरीचंही आधी ट्रान्सप्लांटच झालं होतं?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाली, "सोमवारी लेकीची रक्ततपासणी आहे, तिला नवा फ्रॉक घालून नेते."