‘नासा म्हणते माळ ओसाड आहे’: नासाने असं कुठेही म्हटलेलं नाही

एक संदेश सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि टेकडीप्रेमींच्या ग्रुपवर फिरतोय. भाच्याच्या कॉलेजात त्याच्या जोरावर सुप्याजवळच्या माळावर वृक्षारोपणाची तारीखसुद्धा ठरली, म्हणून हे लिहायला बसलो. संदेश थोडक्यात असा: नासाच्या उपग्रहांनी भारतात जंगल वाढल्याचं सिद्ध केलंय; नकाशात पुण्याच्या पूर्वेला पिवळं-तपकिरी दिसतं ती ओसाड जमीन, तिथे झाडं लावली की जैवविविधता वाढेल; सोबतचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोन फोटो त्याचा पुरावा; आणि आता उपग्रहच प्राणी मोजतो, रानात पायपीट कशाला?

नासाचा अभ्यास खरा आहे. २०१९ साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’मध्ये तो छापून आला. नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाच्या २००० ते २०१७ या काळातल्या नोंदींवरून जगातली जी हिरवाई वाढली, तिचा साधारण तिसरा हिस्सा चीन आणि भारताचा निघाला. संदेश इथेच थांबतो. त्याच निबंधात पुढे भारताची फोड दिली आहे: वाढीतला ८२ टक्के वाटा शेतजमिनीचा, जंगलाचा ४.४ टक्के. म्हणजे सिंचन, खतं आणि वर्षाला दोन-तीन पिकं. तिथे मोजलंय ते पानांचं क्षेत्रफळ, आणि पान उसाचं की उंबराचं हे त्या आकड्यात येत नाही. एनडीव्हीआय (उपग्रहचित्रावरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक; जितकं दाट हिरवं, तितका तो १ च्या जवळ) काढला तर जलपर्णीने भरलेला तलावही हिरवागार दिसतो. अशा आकड्यावरून जैवविविधतेचा निष्कर्ष काढताच येत नाही.

आता तो पिवळा माळ. सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होणार आहे.

बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदरचा माळ पर्जन्यछायेत येतो. मुरमावर वीतभर माती, त्यावर कुसळी, पवना, मारवेल ही गवतं. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात एनडीव्हीआय ०.५ च्या आसपास असतो, एप्रिलात ०.२ पर्यंत उतरतो. गवत वाळलंय, मेलेलं नाही. मुळं जमिनीखाली जिवंत आहेत. लांडगा, खोकड, चिंकारा आणि धाविक, चंडोल हे पक्षी याच उघड्यावर जगतात. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीच आहे, आणि ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. बाकीच्या माळाला तसं संरक्षण नाही. उलट सरकारच्या वेस्टलँड अ‍ॅटलसमध्ये खुरट्या झुडपांची जमीन ‘पडीक’ वर्गात जाते, आणि तो शिक्का बसला की खड्डे खणायला सगळे मोकळे.

मे महिन्यात जेसीबीने चर खणले जातात, नेमके धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतो त्या दिवसांत. मग गिरिपुष्प हे बाहेरदेशातून आलेलं झाड लागतं, कारण ते कुठेही जगतं. सावली धरली की खालचं गवत विरळ होतं, आणि गवतावर जगणारं सगळंच त्याच्यामागे जातं. पुढचा भाग तर चीड आणणारा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत निदान १ हेक्टर जमिनीवर १० टक्क्यांहून जास्त भाग झाडांच्या छत्राखाली असेल तर ते ‘वनाच्छादन’, मग झाड कुठलंही असो आणि जमीन कुणाचीही असो. म्हणजे माळ मोडून केलेली ही लागवड काही वर्षांनी अहवालात जंगलवाढ म्हणून येऊ शकते, आणि तोच आकडा पुढच्या लागवडीचं समर्थन होतो.

माळ की उजाड झालेलं जंगल, हे तपासता येतं. कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या फुकट वेबसाइटवर सेंटिनेल-२ उपग्रहाची एल२ए (वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली) चित्रं निवडा, ढगांची मर्यादा १० टक्क्यांवर आणा. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा, निदान पाच वर्षांचे. दर पावसाळ्यानंतर हिरवं आणि दर उन्हाळ्यात पिवळं होणारा तुकडा बहुधा गवताळ; पण कोरडवाहू शेतही असंच वागतं, म्हणून बांधांच्या सरळ रेषा बघा. या चित्राचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर १० मीटरचा असतो; त्यात त्या रेषा पुसट होतात, तेव्हा गूगल अर्थ प्रो उघडून जुन्या तारखांची चित्रं मागे सरकवत पाहा. १९७२ पासूनची अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रंही फुकट मिळतात. त्यातही तिथे दाट झाडी दिसत नसेल, तर ‘जंगल परत आणू’ हा दावा कशावर उभा आहे?

फोटोंबद्दल फार बोलायला नको. पहिला मेचा, दुसरा ऑक्टोबरचा. एकाच वर्षातले घेतले असते तरी तेवढाच फरक दिसला असता. तुलना त्याच पंधरवड्याची करायची, आणि त्या वर्षीचा पाऊसही सोबत बघायचा.

प्राणी मोजण्यात मात्र तथ्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. अंटार्क्टिकातल्या एम्परर पेंग्विनच्या वसाहती त्यांच्या विष्ठेच्या डागांवरून उपग्रहचित्रांत सापडल्या. पांढऱ्या बर्फावर मोठा तपकिरी डाग, तो दिसणारच. पिवळ्या गवतातला पिवळट लांडगा १० मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसत नाही. नकाशा फक्त कुठे जाऊन पाहायचं ते सांगतो. तिथे विष्ठा, ठसे, बिळं आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लागतातच. धनगर मेंढपाळांना विचारावंही लागतं, कारण लांडगा कुठल्या ओढ्याकाठी पिल्लं घालतो हे त्यांना ठाऊक असतं.

लागवडीची हौस असेल तर गावातल्या रस्त्यांच्या कडेला, शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर जागा आहे. माळाचे खड्डे अजून खणले नसतील तर ते रद्द करा. खणले असतील तर पावसाआधी बुजवा, म्हणजे कडेचं गवत परत पसरू शकेल.