वॉल्ट्झ, दादरा आणि हॉलची किल्ली

"वहिनी, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?"

गुडघे ठणठणीत आहेत. सोसायटीचे खजिनदार काका ज्याला दुखणं समजले, त्याला वॉल्ट्झमध्ये, म्हणजे आम्ही शिकतोय त्या जोडीने नाचायच्या पाश्चात्त्य नाचात, राइज अँड फॉल म्हणतात. पहिल्या ठोक्याला गुडघा सैल, अंग खाली. तो ठोका संपताना उठायला सुरुवात, दुसऱ्या-तिसऱ्याला चवड्यावर वर, आणि तिसरा संपता संपता परत खाली. इंग्लंडातल्या ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये, झुंबराखाली, हे फार देखणं दिसतं. आमच्या हॉलमध्ये, दोन ट्यूबलाइट आणि एका लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली, मी लंगडतेय असं दिसतं. तरी कॅल्शियमच्या गोळीचं नाव काढायची काही गरज नव्हती. काकांनी काढलं, आणि कंपनीही सुचवली.

आमचे सर स्वतंत्र शिक्षक. स्टुडिओ नाही, पाटी नाही. पाठीवर सॅक, सॅकमध्ये स्पीकर आणि बूट. हॉल तासावर घेतात आणि भाडं फीतूनच भरतात. चोवीस तास आधी न कळवता दांडी मारली तर फी बुडाली, हा एक धडा माझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी पाठ झाला. बाकीच्या धड्यांत त्याची प्रगती सावकाश आहे. तो पायांकडे बघतो. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं असतं. ते पुढे झुकलं की वजन माझ्या अंगावर येतं, आणि मी अडीच इंची टाचेवर उलटी चालत असते. शिवाय वळायचं असलं की तो हाताने वळवतो, स्टिअरिंग फिरवल्यासारखा. दिशा छातीतून, पोटातून कळायला हवी. त्याचा उजवा पंजा माझ्या डाव्या खवाट्याखाली असतो तो त्यासाठीच, मला दाबून धरण्यासाठी नाही. सांगून झालंय.

तर काका. हॉलची किल्ली बाहेरच्या माणसाच्या हाती द्यायची नाही असा ठराव आहे. त्यामुळे काका स्वतः येतात, कुलूप काढतात, रचलेल्या खुर्च्यांतली एक ओढतात आणि तासभर बसून राहतात. पहिला प्रश्न रजिस्टरचा होता.

"कोणत्या सदरात लिहू? भजन, भिशी, योगासनं, वाढदिवस, लग्नकार्य."

"नृत्यवर्ग लिहा ना."

"ते सदर नाही. स्त्री-पुरुष जोडीने आहेत म्हणजे लग्नकार्यच धरावं लागेल. दर जास्त आहे."

"आमचं लग्न होऊन जमाना झाला, काका."

"मग आता हे कशाला?"

याला नवऱ्याकडे उत्तर नव्हतं, हे मी लक्षात ठेवलंय. शेवटी योगासनांत लिहिलं. आता स्पीकर लावला की काका म्हणतात, योगासनांना स्पीकर नसतो. भिशीत तंबोला खेळताना माईक लागतो तो चालतो.

दुसरा प्रश्न तालाचा. सर मोजत होते, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि नवऱ्याचा दर चौथा ठोका माझ्या अंगठ्यावर पडत होता. नवशिक्यांची ही नेहमीची रड. तिसऱ्या ठोक्याला पाय नुसता जोडायचा नसतो, त्यावर वजन टाकायचं असतं. शेजारी आणून टेकवून ठेवला तर तोच पाय मोकळा राहतो आणि पुढच्या 'एक'ला तोच पुन्हा निघतो. सरांनी हे समजावलं, करून दाखवलं, पुन्हा समजावलं. मागून खुर्चीच्या हातावर ठेका सुरू झाला.

"हा दादरा ताल आहे," काका म्हणाले.

"वॉल्ट्झ आहे, काका. तीन मात्रा."

"तीन मात्रांत तुमचा चौकोन पुरा होतो?"

नाही होत. पुरुषाची बॉक्स स्टेप अशी: डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जोडला, उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जोडला. सहा होतात.

"सहा म्हणजे दादराच. धा धी ना, धा ती ना. साहेबांची सम, म्हणजे पहिली मात्रा, डाव्या पायावर; खाली, म्हणजे चौथी, उजव्या पायावर. वहिनींचं उलट. यात तासन्‌तास शिकवण्यासारखं काय आहे?"

मीही लहानपणी पेटी शिकले आहे. म्हटलं, "खालीला जोर नसतो काका. इथे चौथी मात्रा पहिलीइतकीच वजनदार असते."

"मग साहेब एकला टाच टेकतात आणि चारला का नाही टेकत?"

कारण चारला ते मागे जातात, आणि मागे जाताना आधी चवडा टेकतो, टाच नंतर. सरांनी हे अगदी शास्त्रशुद्ध सांगितलं. काकांनी हात पसरले. "बघा. खाली."

सर गप्प. मग काकांनी लयीवर हरकत घेतली, इतकी विलंबित कशाला म्हणून. सर म्हणाले, मिनिटाला तीन-तीन मात्रांचे २८ ते ३० बार, म्हणजे ८४ ते ९० मात्रा, असं ठरलेलंच आहे. व्हिएनीज वॉल्ट्झ ५८ ते ६० बारचा असतो. "मग तो शिकवा की, पैसे घेताय तर!" व्हिएनीजमध्ये मिनिटाला १८० पर्यंत पावलं पडतात. आमच्या वयाला ती नुसती ऐकायची.

संतापाची गोष्ट ही, की नवऱ्याला जमलं. तेव्हापासून तो ओठांतल्या ओठांत 'धा धी ना धा ती ना' म्हणत नाचतो आणि पाय बदलतो. फी सरांना, श्रेय काकांना, अंगठ्याचं काळं पडलेलं नख मला.

नॅचरल टर्नला, म्हणजे उजवीकडच्या वळणाला, मात्र दादरा पुरत नाही. तीन पावलांत ३/८ वळण, म्हणजे १३५ अंश, पुढच्या तीनांत पुन्हा तेवढंच; मिळून पाऊण फेरा. लोक पूर्ण फेरा मारतात आणि भिंतीत जातात. आमच्या हॉलच्या दोन-दोन फुटी टाइल्सचा एवढाच उपयोग, की टाइलचा कर्ण धरला की ४५ अंश डोळ्यांनी दिसतात. नॅचरलनंतर थेट रिव्हर्स, म्हणजे डावीकडचं वळण, घेता येत नाही, मध्ये एक चेंज स्टेप लागते, नाहीतर हवा तो पाय मोकळाच नसतो. हे सगळं लंडनच्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंगने बसवलं. ती संस्था १९०४ची, बॉलरूमची शाखा १९२४ची. तेव्हापासून कोणत्या पावलाला टाच आणि कोणत्याला चवडा याचा तक्ता आहे. हॉलच्या मधोमध असलेल्या खांबाचं काय करायचं, ते तक्त्यात नाही.

आणि फरशी. खाली लाकूड असतं तर ते दबलं असतं. काँक्रीटवरची टाइल दबत नाही, नडगी दुखते. बुटांचा तळ स्वेडचा, म्हणजे लव असलेल्या चामड्याचा. त्याचे तंतू उभे असले की नेमकी पकड मिळते, धूळ बसून ते चपटे झाले की बूट घसरतो. म्हणून तारेच्या ब्रशने घासायचे, रस्त्यावर घालायचे नाहीत, ओल्या फरशीवर तर अजिबात नाही. वॉचमन आमच्या वेळेच्या पाच मिनिटं आधी फिनेलने फरशी पुसतो. हे सांगितल्यावर काकांना दया आली आणि त्यांनी कपाटातून कॅरमची पावडर काढून हॉलभर शिंपडली. "आता सरकेल." सरकलं. सर सरकले, खांबापर्यंत. पावडर स्वेडमध्ये इतकी बसली की ब्रशने निघेना, आणि वर रजिस्टरमध्ये आमच्या नावापुढे 'पावडर १ डबा' अशी नोंद.

आता नवरात्र जवळ आलंय, हॉल गरब्याच्या सरावाला दिला. फुकट, पाच तास, मोठ्या स्पीकरसकट. गरबाही घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो आणि वॉल्ट्झही, पण गरब्याला कोणी सदर विचारलं नाही. आम्हाला तळघरातलं पार्किंग मिळालंय, गाड्या बाहेर असतील तेव्हा. तिथे स्वेड तासाभरात जाईल, तेव्हा गुळगुळीत चामडी तळव्याचे बूट घ्या, असं सर म्हणतात. म्हणजे तेही घ्यायचे. किल्लीचा प्रश्न नाही, पार्किंगला कुलूपच नसतं. तरी काका खुर्ची घेऊन येणार आहेत. त्यांनी सरांना विचारून ठेवलंय, पुढे चा-चा-चा आहे ना, तो केरवा तालात बसतो का?