‘महिन्याला फक्त ८० तास’: वैमानिकांवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली, तेव्हापासून एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. शब्द बदलतात, गाभा तोच. वैमानिक महिन्याला फक्त ८० तास काम करतात, त्याचे आठ-दहा लाख घेतात, विमान ऑटोपायलट चालवतो, मुक्काम पंचतारांकित हॉटेलात, आणि एवढं असूनही आणखी विश्रांतीचा हट्ट धरून त्यांनी लाखो प्रवाशांना वेठीस धरलं. झेपत नसेल तर नोकरी सोडा! यातल्या काही गोष्टी अर्ध्यामुर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच तो पटतो. एकेक घेऊ.

आधी ते ८० तास. आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे सांगितलेलं नाही. हा ‘ब्लॉक टाइम’ असतो: विमान पार्किंगमधून हललं तेव्हापासून उतरून पुन्हा उभं राहीपर्यंतचा वेळ. भारतात वैमानिकाला ३६५ दिवसांत १००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. बाराने भागा, महिन्याला साधारण ८३ येतात. म्हणजे ज्याला ‘फक्त’ म्हणून हिणवलं जातं तो आकडा कायद्याच्या कमाल मर्यादेला टेकलेला आहे. प्राध्यापक आठवड्याला सोळा तासच शिकवतो, म्हणून उरलेला वेळ तो झोपा काढतो असं म्हणण्यासारखंच हे.

देशांतर्गत उड्डाणांचा एक साधा दिवस पाहा. चार सेक्टर (एका विमानतळावरून दुसऱ्यावर, तो एक सेक्टर), प्रत्येकी दीड तास. उड्डाण झालं सहा तास. त्याआधी तासभर रिपोर्टिंग: हवामान, इंधन, विमानातल्या प्रलंबित दुरुस्त्या, आणि ब्रेथलायझर. (मद्याचा अंश सापडला तर पहिल्याच वेळी तीन महिने लायसन्स निलंबित. किती कचेऱ्यांत सकाळी हजेरीआधी तोंडात नळी धरावी लागते?) मग प्रत्येक दोन सेक्टरांच्या मध्ये अर्धा-पाऊण तास, ज्यात प्रवासी उतरतात, नवे चढतात, आणि वैमानिक पुढच्या उड्डाणाची तयारी करता करता जेवतो. ड्युटी नऊ तासांच्या घरात जाते. पगाराचा मोठा हिस्सा मात्र उड्डाणाच्या तासांवर ठरतो. धुक्यात दिल्लीला दोन तास अडकून पडलात, तर ते दोन तास ड्युटीत धरले जातात, ८० मध्ये नाहीत. स्टँडबायवर गणवेशाला इस्त्री करून फोनची वाट पाहण्यात गेलेला दिवसही त्यात नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा असते, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी असते, आणि दोन्हींपैकी एकीत नापास झालात तर त्या दिवसापासून उड्डाण बंद.

पण तासांची ही मोजदादही दुय्यमच. खरा प्रश्न आहे की हे तास घड्याळात कुठे पडतात. पहाटे साडेचारच्या उड्डाणासाठी साडेतीनला रिपोर्टिंग, म्हणजे दारात गाडी अडीचला, म्हणजे उठायचं दीड-पावणेदोनला. आदल्या संध्याकाळी सातला झोपून दाखवा, तेही घरात मुलं असताना. दोन दिवस असे, तिसऱ्या दिवशी दुपारची ड्युटी, चौथ्या दिवशी रात्रभर. रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात माणसाचं शरीर सर्वांत मंद असतं. ते लाखांनी पगार घेणाऱ्याचंही असतं.

२२ मे २०१० ची मंगळूरची दुर्घटना आठवा. दुबईहून रात्री उडून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे गेलं आणि दरीत कोसळलं. १५८ जण गेले, आठ वाचले. चौकशीत कॉकपिटचं ध्वनिमुद्रण ऐकलं गेलं, तर त्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत कॅप्टन झोपेत होता. घोरणंही ऐकू आलं. अशा झोपेतून उठल्यावर काही काळ निर्णयशक्ती बधिर राहते, हे त्या अहवालात स्पष्ट आलं आहे. २०२२ मध्ये सेफ्टी मॅटर्स फाउंडेशनने ५४२ भारतीय वैमानिकांची पाहणी केली. सहकाऱ्याला न सांगता कॉकपिटमध्ये आपला डोळा लागला होता, असं ६६ टक्क्यांनी सांगितलं. स्वतःहून उत्तरं देणाऱ्यांची पाहणी असल्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला आहे असं धरू. निम्मा केला तरी मला तो स्वस्थ बसू देत नाही.

ऑटोपायलटचा मुद्दा याला लागूनच येतो. टेकऑफ आजही वैमानिकच करतो. आपोआप उतरण्याची सोय असते, पण त्यासाठी धावपट्टीवर तशी यंत्रणा लागते, वारा मर्यादेत लागतो, आणि वैमानिकाने सगळं बारकाईने पाहत राहावं लागतं; बहुतेक लँडिंग हातानेच होतात. ऑटोपायलट सांगितलेलं करतो. २५ जानेवारी २०२४ ला इंडोनेशियात बाटिक एअरच्या विमानात दोन्ही वैमानिक एकाच वेळी झोपले, २८ मिनिटं. विमानात १५३ प्रवासी होते. ऑटोपायलट उत्तम चालू होता; विमान तरीही मार्ग सोडून भरकटलं, कारण पुढचं वळण सांगायला कोणी जागं नव्हतं. फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या घरी महिन्याची जुळी होती. सुदैवाने कॅप्टनला जाग आली.

हॉटेल चांगली असतात, मान्य. तिथे भर दुपारी पडदे ओढून झोपायचं असतं, एवढंच.

पगार. मोठ्या कंपनीतल्या कॅप्टनला लाखांत पगार असतो, यात वाद नाही, आणि वैमानिकांनी गरिबीचा आव आणू नये. पण मजकुरातला वैमानिक हा नेहमी अनुभवी कॅप्टन असतो. लायसन्ससाठी लागणारे २०० तास आणि त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता, यांवर अर्धा कोटी सहज उडतो, पुष्कळदा घर गहाण ठेवून, आणि त्यानंतर नोकरी मिळेलच असं नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. मुंबईत जेटचे थकलेले पगार आजही जखमेसारखे आठवणारी घरं आहेत. आणि एक गोष्ट वैमानिकांच्या बाजूने न जाणारी: पैसे तासांवर मिळतात, म्हणून काही जण स्वतःहून जादा उड्डाणं घेतात, रजा विकतात. ते खरं आहे. म्हणूनच विश्रांतीची मर्यादा कायद्याने घालावी लागते, कंपनीच्या आणि वैमानिकाच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

आता डिसेंबरमधल्या रद्द उड्डाणांचा मुद्दा. मजकुरातला सर्वांत चुकीचा भाग हा, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त पसरलेलाही हाच.

उड्डाण आणि ड्युटीच्या वेळेचे नवे नियम डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) जाहीर केले जानेवारी २०२४ मध्ये. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास. ‘रात्र’ मध्यरात्रीपासून पाचपर्यंत धरत, ती सहापर्यंत. रात्रीची लँडिंग सहांवरून दोनवर. हे १ जून २०२४ पासून लागू होणार होतं. कंपन्यांनी विरोध केला, अंमलबजावणी लांबली, वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि अखेर दोन टप्पे ठरले: १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली. ४८ तासांचा नियम जुलैपासून लागू होताच आणि तेव्हा देश थांबला नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. पुण्यात तर वैमानिकच नसल्याने इंडिगोची विमानं जागा अडवून उभी राहिली आणि इतर कंपन्यांच्या विमानांनाही जागा मिळेना. नियम सर्वांना तेच होते. एअर इंडिया उडत होती, अकासाही. दुसऱ्या टप्प्यासाठी किती वैमानिक लागतील याचा आपला अंदाज आणि नियोजन चुकलं, हे इंडिगोने डीजीसीएपुढे मान्य केलं. चौकशी समितीने ठपका ठेवला तो माणसं आणि विमानं यांचा शेवटचा थेंब पिळणाऱ्या वेळापत्रकावर, जिथे काही बिघडलं तर सावरायला जागाच नव्हती. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड झाला. एकाही वैमानिकाने त्या आठवड्यात संप केलेला नव्हता. आजारी पडून उड्डाणं बंद पाडल्याची कुजबुज झाली, पण जो कर्मचारी कायद्याने उडूच शकत नाही त्याला आजारी पडायची गरज काय?

शिवाय सवलत मिळाली कोणाला? रात्रीच्या नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट देण्यात आली. म्हणजे कंपनीचं गणित चुकलं आणि भरपाई वैमानिकाच्या झोपेतून झाली.

माणसं कमी ठेवली की काय होतं, याचा एक जुना दाखला कोळिकोडचा आहे. ७ ऑगस्ट २०२० ला तिथे भर पावसात विमान धावपट्टीपुढे गेलं, दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले. अहवालाने मुख्य कारण वैमानिकाने कार्यपद्धती पाळली नाही हेच दिलं, ते झाकायचं कारण नाही. पण त्याच अहवालात नोंद आहे की त्या तळावर २६ फर्स्ट ऑफिसर होते आणि कॅप्टन एक. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्या विमानाच्या कॅप्टनच्याच नावावर लागलेलं होतं. त्या रात्री तिथेच उतरण्याचा मोह कुठून आला, हे शोधताना तपास रोस्टरपर्यंत, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकापर्यंत पोहोचला.

राहता राहिलं ‘नोकरी सोडा’. डीजीसीएने २०१७ मध्ये कॅप्टनसाठी एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरसाठी सहा महिन्यांची नोटीस ठरवली. त्या नियमावर कोर्टकज्जे झाले, पण कंपन्यांच्या करारांतही अशाच मुदती असतात. २०२३ मध्ये ४३ वैमानिक नोटीस न पाळता गेले, तेव्हा अकासाने थेट मुंबई उच्च न्यायालय गाठलं होतं. तेव्हा हा मजकूर वाचून एखाद्या कॅप्टनने आज राजीनामा दिला, तरी पुढचं वर्षभर तो त्याच रोस्टरवर, पहाटे अडीचच्या त्याच गाडीने विमानतळावर जाणार आहे. आणि मजकूर पुढे पाठवणारा कदाचित त्याच विमानात बसलेला असेल.