नासरला रशियाने बसवलं? आधी तारखा बघा

'गमाल अब्देल नासर हा रशियाने इजिप्तवर बसवलेला हुकूमशहा. 1952 साली एका रात्रीत राजाला हाकलून गादीवर बसला आणि मग सुएझ कालवा फुकटात लाटला.' हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. यातला 'हुकूमशहा' हा शब्द मला मान्य आहे. बाकीचं टिकत नाही.

'एका रात्रीत' हे पहिलं. 23 जुलै 1952 ला लष्कराने कैरो ताब्यात घेतलं, 26 ला राजा फारूक अलेक्झांड्रियाहून जहाजाने देश सोडून गेला, इथवर ठीक. पण त्याच्या जागी नासर आला नाही. लोकांना दिसत होता जनरल मोहम्मद नगीब, आणि जून 1953 मध्ये पहिला राष्ट्राध्यक्ष झाला तोही नगीबच. 34 वर्षांचा लेफ्टनंट कर्नल नासर मागे राहून सूत्रं हलवत होता. फेब्रुवारी 1954 मध्ये नगीबला राजीनामा द्यायला लावला, तर घोडदळाचे अधिकारी बिथरले, लोक रस्त्यावर उतरले आणि त्याला परत आणावं लागलं! ऑक्टोबरात अलेक्झांड्रियाच्या मन्शिया चौकात भर सभेत नासरवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, आणि त्याच संधीचा फायदा घेऊन मुस्लिम ब्रदरहूड ही धार्मिक-राजकीय संघटना चिरडली गेली. नोव्हेंबरात नगीब नजरकैदेत गेला. नासर रीतसर राष्ट्राध्यक्ष झाला तो जून 1956 मध्ये. त्या एका रात्रीला चार वर्षं लागली. खरा घास राजाच्या नव्हे, स्वतःच्याच जनरलच्या आणि राजकीय पक्षांच्या ताटातून घेतला गेला. नासरवर टीका करायचीच तर ती इथे करा.

आता 'रशियाने बसवला'. हे वाचून मला खरोखर वाईट वाटतं, कारण यात इजिप्तच्या माणसांचा संताप पुसला जातो. फेब्रुवारी 1942 मध्ये ब्रिटिश रणगाड्यांनी राजवाड्याला वेढा घालून ब्रिटनला हवा तो पंतप्रधान राजाला नेमायला लावला. तो अपमान तरुण अधिकाऱ्यांना जिव्हारी लागला. 1948 च्या पॅलेस्टाइन युद्धात फालुजाला इजिप्तची तुकडी चार महिने वेढ्यात अडकली, तिच्यात नासर होता. 1952 ला सत्ता घेणाऱ्या 'मुक्त अधिकाऱ्यां'ची गुप्त संघटना बांधली गेली ती या पराभवानंतर. यात मॉस्को कुठे आहे? उलट सत्ता आल्यावर दीड-दोन महिन्यांत कफ्र अद-दव्वारच्या गिरणी संपातल्या खमिस आणि बकरी या दोन कामगारांना याच अधिकाऱ्यांनी फासावर चढवलं. रशियाची शस्त्रं आली सप्टेंबर 1955 च्या करारानंतर, तीही चेकोस्लोव्हाकियाच्या नावाने, अमेरिकेकडे मागून मिळाली नाहीत म्हणून. डिसेंबर 1958 मध्ये अस्वान धरणासाठी रशियाशी कर्जाचा करार झाला, आणि पाचच दिवसांनी, 1 जानेवारी 1959 ला, नासरने देशभरातले कम्युनिस्ट तुरुंगात टाकले.

राहिला कालवा. 19 जुलै 1956 ला अमेरिकेने अस्वान धरणासाठी कबूल केलेली मदत मागे घेतली. ती बातमी पोचली तेव्हा नासर नेहरूंबरोबर युगोस्लाव्हियातल्या ब्रिओनी बेटाहून कैरोला परतत होता. धरणाचा खर्च कालव्यातून काढायचा म्हणून आठवड्याने त्याच मन्शिया चौकातून त्याने कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं, आणि कालवा कंपनीच्या भागधारकांना भरपाई देण्याचं त्याच घोषणेत कबूल केलं होतं. 1958 च्या करारात ती 2 कोटी 83 लाख इजिप्शियन पौंड ठरली, आणि इजिप्तने हप्त्याहप्त्याने चुकती केली.