कोरा रकाना म्हणजे शून्य नाही

मी नेमकं काय काम करते हे आमच्या घरात अजून कुणाला नीट कळलेलं नाही. "बँकेचं काम होतं ते काय वाईट होतं गं?" असं मावशी परवाच म्हणाली. पगार निम्म्यावर आला एवढंच तिला दिसतं, आणि ती काळजीपोटीच बोलते. फोनवर तिला सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहिते.

मी एका छोट्या संस्थेत वेब डेव्हलपर आहे. निवडणुकीतल्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आम्ही वाचण्याजोगी करून वेबसाइटवर ठेवतो. उमेदवारावर कोणते गुन्हे आहेत, मालमत्ता किती, कर्ज किती, शिक्षण काय, हे जाणून घेण्याचा हक्क मतदाराला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सांगितलं. नंतर कायदा बदलून हा हक्क आखडता घ्यायचा प्रयत्न झाला, तर 2003 साली न्यायालयाने तोही हाणून पाडला. आज उमेदवारी अर्जासोबत नमुना 26 मधलं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं आणि निवडणूक आयोग ते आपल्या साइटवर टाकतो. म्हणजे माहिती जाहीर आहे. मग आमच्यासारख्यांची गरज काय, असं लोक विचारतात.

एक पान दाखवते. स्कॅन तिरकं आलेलं. बँकेतल्या ठेवींच्या आकड्यावर नेमका नोटरीचा गोल जांभळा शिक्का, त्याखाली 3 आहे की 8, कितीही मोठं करून पाहिलं तरी कळत नाही. खाली शेतजमिनीच्या रकान्यात नुसतं "1.20". हे 1 हेक्टर 20 आर असेल तर जवळपास तीन एकर झाले. 1 एकर 20 गुंठे असेल तर दीड एकर, कारण एकराचे गुंठे चाळीस. आणि प्रोग्रॅमला विचारलं तर तो एक पूर्णांक दोन दशांश म्हणून मोकळा होतो. सातबारा कधी हातात धरलाच नसेल तर इथे काही चुकतंय हे लक्षातही येणार नाही. बरेच आकडे देवनागरीत लिहिलेले असतात, आमचा कोड ज्या भाषेत आहे त्या जावास्क्रिप्टची अंक ओळखायची नेहमीची खूण ते अंक ओळखतच नाही. शेवटी प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं, मग दोन्ही ताडून पाहायचं. सॉफ्टवेअर आलं ते या ताडून पाहण्यापुरतं.

आता माझी चूक. पहिल्याच महिन्यात मी लिहिलेल्या कोडमध्ये रिकामा रकाना आला की तिथे 0 पडत होता. बँकेच्या कामात ती सवयच होती. एका उमेदवाराच्या पानावर "प्रलंबित गुन्हे : 0" असं दिसत होतं. परभणी जिल्ह्यातल्या एका वाचकाने मूळ पानाचा फोटो पाठवला. त्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं. जे त्या माणसाने शपथेवर सांगितलंच नव्हतं, ते मी त्याच्या नावावर छापलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रतिज्ञापत्रात रकाना कोरा ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे. काही नसेल तर तसं लिहायचं. आपल्याकडे त्यासाठी "निरंक" हा कचेरीतला शब्द आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण निरंक लिहिणारा माणूस त्या शब्दाला बांधला जातो. खोटं निघालं तर त्याला जाब विचारता येतो. कोऱ्या रकान्याला कोण काय विचारणार? तेव्हापासून आमच्या डेटाबेसमध्ये निरंक, लागू नाही, कोरं आणि वाचता येत नाही या चार नोंदी वेगळ्या असतात, आणि वाचकालाही त्या वेगळ्याच दिसतात. दुरुस्ती केली तर तारीख घालून त्याच पानावर लिहितो. जुनी चूक गुपचूप पुसत नाही.

नुसतं जाहीर करणं किती अपुरं असतं ते निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे पक्षांना देणगी देण्यासाठी बँकेतून घ्यायच्या रोख्यांच्या वेळी सगळ्या देशाने पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 14 मार्च 2024 रोजी दोन याद्या आल्या, रोखे कुणी घेतले त्यांची एक आणि कोणत्या पक्षाने वटवले त्यांची दुसरी. दोन्हींना जोडणारं काहीच नव्हतं. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर 21 मार्चला रोख्यांचे क्रमांक आले आणि मग कुणाचा पैसा कुठे गेला ते जुळवता आलं. एका रकान्याचा प्रश्न होता! माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की माहिती आपणहून द्या, स्थानिक भाषेत द्या, लोकांपर्यंत पोचेल अशी द्या. शोधता न येणारं तिरकं स्कॅन टाकून ही जबाबदारी पार पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. टाइप केलेली माहिती सरकारनेच दिली तर माझं निम्मं काम संपेल, आणि मला त्याचा आनंदच होईल.

गेल्या निवडणुकीच्या आधी एका गावातून एका आजोबांचा फोन आला. "ताई, हे कागदावर निघतं का? आमच्याकडं समद्यांकडं मोठा फोन न्हाई." निघत नव्हतं. छापायला गेलं की मेनू, रंगीत पट्ट्या, निम्मा तक्ता कापलेला. दोन दिवस बसून छपाईसाठी वेगळी मांडणी केली. एक उमेदवार, एक पान, काळं-पांढरं, झेरॉक्सवाल्याकडेही स्वच्छ निघेल असं. चार दिवसांनी त्यांच्या नातवाने फोटो पाठवला. पाराजवळच्या भिंतीवर पाच कागद ओळीने चिकटवले होते. एका कागदावर "वाचता येत नाही" या शब्दांभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल केला होता, आणि शेजारी लिहिलं होतं, "सभेत विचारणे."